केबल नसली म्हणून सामना चुकत नाही

गैरसमज आणि वस्तुस्थिती

धाराशिव हा खो-खोचा जिल्हा आहे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोच्या वाट्याला २२ वर्षांनी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असं हरवलं, आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

असं असूनही बेंबळीसारख्या गावात सामन्याचा विषय निघाला की बऱ्याच घरांतून एकच उत्तर येतं, "केबल कधीच बंद केली, आता कुठलं दिसायलंय?" सोयाबीनच्या भावाकडे बघून महिन्याचा खर्च ठरवणाऱ्या घराने केबल बंद केली, तर त्यात गैर काही नाही. पण केबलबरोबर खेळही गेला, ही समजूत चुकीची आहे. खेळ पाहायला पैशापेक्षा माहिती जास्त लागते. म्हणून नेहमी कानावर येणाऱ्या समजुती एकेक करून तपासू.

गैरसमज : केबल किंवा रिचार्ज नसेल, तर टीव्हीवर काहीच दिसत नाही.

वस्तुस्थिती : प्रसार भारतीची 'डीडी फ्री डिश' ही सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे. सुरुवातीला तिचं नाव 'डीडी डायरेक्ट प्लस' होतं. छत्री, सेटटॉप बॉक्स आणि वायर एकदाच विकत घ्यायची. साधारण दोनेक हजारांत काम होतं. त्यानंतर महिन्याचं भाडं नाही. डीडी नॅशनल, डीडी सह्याद्री, डीडी स्पोर्ट्स आणि बऱ्याच खासगी वाहिन्या त्यावर दिसतात. उद्योगातल्या अंदाजांनुसार देशातल्या ४ कोटींहून अधिक घरांत ही सेवा आहे. नवीन टीव्हींपैकी काहींत उपग्रहाचा ट्यूनर आतच बसवलेला असतो. त्यांना वेगळा बॉक्सही लागत नाही, छत्रीची वायर थेट टीव्हीला जोडता येते.

जुन्या उंच अँटेनाची गोष्ट मात्र संपली. दूरदर्शनने जमिनीवरून चालणारी आपली जुनी प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत जवळपास सगळी बंद केली. माळवदावर अजून तो दांडा उभा असेल, तर त्याचा उपयोग नवी छत्री बांधण्यापुरताच.

गैरसमज : आज फुकट आहे, उद्या पैसे मागतील. वर्षाला रिचार्ज तर करावाच लागतो.

वस्तुस्थिती : फ्री डिशला रिचार्ज हा प्रकारच नाही. यातल्या खासगी वाहिन्या प्रसार भारतीच्या लिलावात बोली लावून जागा विकत घेतात. म्हणजे पैसे वाहिनी भरते, प्रेक्षक भरत नाही. वाहिनीला जाहिरातींसाठी गावोगावचे प्रेक्षक हवे असतात, म्हणून तिला ते परवडतं.

लिलाव झाला की काही वाहिन्या जातात, काही येतात, आणि अनेकदा हा बदल १ एप्रिलच्या सुमारास दिसतो. अशा वेळी आवडती वाहिनी अचानक गायब झाली की "रिचार्ज संपला" असं सांगून कुणी शेदोनशे मागितले तर देऊ नका. रिमोटवरून मेनूत जाऊन ऑटो स्कॅन करा, यादी नव्याने भरते. बॉक्स फार जुना असेल, म्हणजे एमपेग-२ प्रकारचा असेल, तर त्यावर कमी वाहिन्या दिसतात. एमपेग-४ बॉक्सवर जास्त दिसतात.

गैरसमज : कंपनीची जुनी छत्री आता भंगारात.

वस्तुस्थिती : रिचार्ज बंद केलेल्या खासगी कंपनीची छत्री आणि तिचा खांब बहुतेक वेळा पुन्हा वापरता येतो. बॉक्स नवा घ्यावा लागतो आणि पुढचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारं तोंड, चालतो का, ते मेकॅनिककडून तपासून घ्यावं लागतं. महत्त्वाची गोष्ट आहे दिशा. फ्री डिश जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या भागातून पाहिलं तर तो जवळजवळ बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश उंचीवर येतो.

छत्री मात्र इतकी आभाळाकडे वळलेली दिसत नाही, ती बरीच उभी वाटते. कारण या छत्रीचा एलएनबी मध्यभागी नसतो, तो खालच्या दांड्यावर असतो. वरून तिरका आलेला सिग्नल पत्र्यावर आपटून खाली त्या तोंडात जातो. म्हणून अंगणात छत्री लावताना पत्र्याचा कल बघून भागत नाही. आग्नेयेकडे वर बघा. लिंबाची फांदी, पाण्याची टाकी, शेजारच्यांचा नवा मजला मध्ये येत नाही ना, हे आधी पाहा. पावसाचा जोर वाढला की चित्र थोडा वेळ जातं, कारण दाट ढग आणि पाणी या लहरी शोषून घेतात. पाऊस ओसरला की चित्र आपोआप परत येतं. तेवढ्यासाठी छत्री हलवायची नाही.

गैरसमज : केबलवर दूरदर्शन दिसतं, तेव्हा भारताचा सामनाही त्यावर दिसलाच पाहिजे.

वस्तुस्थिती : इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. महिन्याला पैसे भरणाऱ्या घरात दूरदर्शनवर सामना दिसत नाही आणि शेजारच्या फ्री डिशवर दिसतो. याला कारण कायदा आहे.

१९९३ च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून वाद झाला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निकाल दिला, की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारचीही मक्तेदारी नाही. पुढे सामन्यांचे हक्क खासगी वाहिन्यांकडे गेले. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात खेळत होता आणि दूरदर्शनला थेट चित्र मिळेना. तेव्हा सरकारने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्याचं थेट चित्र हक्कदार वाहिनीने प्रसार भारतीला दिलंच पाहिजे, आणि त्यात हक्कदाराच्या जाहिराती नकोत. टीव्हीवरच्या जाहिरातींचं उत्पन्न हक्कदाराला किमान ७५ आणि प्रसार भारतीला २५ टक्के, असं वाटून घ्यायचं.

हे चित्र दूरदर्शनवर आलं, की केबलवाल्यांनाही दूरदर्शन दाखवणं बंधनकारक असल्यामुळे ते सगळीकडेच दिसू लागलं. हक्कासाठी मोठी रक्कम मोजलेल्या कंपन्या न्यायालयात गेल्या. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की असं मिळालेलं चित्र प्रसार भारतीने फक्त आपल्या जमिनीवरच्या आणि आपल्या डीटीएच जाळ्यावर दाखवावं, केबलवर नाही. प्रसार भारतीचं डीटीएच म्हणजेच फ्री डिश. म्हणून असा सामना पैसे भरून पाहायचा तर हक्कदाराची वाहिनी, आणि पैसे न भरता पाहायचा तर फ्री डिश. ज्याला वाहिनीचे पैसे परवडत नाहीत त्याच्यासाठीच हा कायदा आहे, आणि नेमकं त्यालाच तो माहीत नसतो, याची खंत वाटते.

गैरसमज : कायदा आहे, म्हणजे आयपीएलपासून प्रो कबड्डीपर्यंत सगळंच दूरदर्शनवर आलं पाहिजे.

वस्तुस्थिती : कायदा सरकारने अधिसूचित केलेल्या स्पर्धांपुरताच आहे. ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धा, भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय व टी-ट्वेंटी सामने, हॉकी विश्वचषकातले भारताचे सामने, संतोष करंडकाचे उपांत्य आणि अंतिम सामने अशांचा त्यात समावेश आहे. आयपीएल किंवा प्रो कबड्डीसारखी लीग त्यात नाही. खो-खोचंही तसंच. २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम झाला, तो सोनीच्या क्रीडावाहिन्यांवर दिसला. २०२५ चा विश्वचषक स्टार स्पोर्ट्स आणि हॉटस्टारवर होता. ज्या खेळात आपल्या जिल्ह्याच्या मुली देशासाठी उतरतात, तो खेळ या यादीत यावा ही मागणी करायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

गैरसमज : टीव्ही कशाला, मोबाइलवर सगळं फुकट असतं.

वस्तुस्थिती : ही सवय २०२३ आणि २०२४ च्या आयपीएलने लावली. तेव्हा जिओसिनेमावर सामने खरंच फुकट होते. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओसिनेमा आणि डिस्नी प्लस हॉटस्टार एक होऊन 'जिओहॉटस्टार' झालं आणि सामने वर्गणीशी किंवा ठरावीक रिचार्जशी जोडले गेले. २००७ चा कायदा जमिनीवरच्या प्रक्षेपणापुरता आणि डीटीएचपुरता आहे, मोबाइलपुरता नाही. प्रसार भारतीचं 'वेव्हज' हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात सुरू झालं. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात. पण क्रिकेटचे डिजिटल हक्क दुसऱ्याकडे असतील, तर तो सामना तिथे मिळेल असं धरून चालू नका.

शिवाय डेटा फुकट नसतो. साध्या दर्जाचं चित्रही तासाला साधारण अर्धा जीबी खातं. दिवसाला दीड जीबीचा पॅक एका एकदिवसीय सामन्याला पुरत नाही. फ्री डिश एक एमबीही खात नाही.

गैरसमज : व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर सामना बघितला तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती : बिघडतं. चोरून दाखवणारी ॲप बेकायदा आहेतच. पण त्याहून मोठा धोका म्हणजे 'सामना पाहण्यासाठी ही फाइल टाका' म्हणून आलेली एपीके फाइल. ती मोबाइलमधले मेसेज वाचू शकते, म्हणजे बँकेचा ओटीपीसुद्धा. पीकविम्याचे आणि अनुदानाचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याच खात्याचा हा मोबाइल असतो.

गैरसमज : कॉलेजचे सामने कोण दाखवणार? ते मैदानावरच पाहावे लागतात.

वस्तुस्थिती : यात तथ्य आहे, पण अर्धंच. कॉलेजच्या खेळाडूची वाट ठरलेली आहे. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संघात निवड, मग पश्चिम विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव वेगळा. २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाली, तेव्हापासून या वाटेच्या टोकाला देशपातळीचं मैदान आलं. खेलो इंडियाच्या स्पर्धा दूरदर्शनने दाखवल्याही आहेत. म्हणून त्या दिवसांत डीडी स्पोर्ट्स लावून पाहावं. खालच्या पायरीवरच्या स्पर्धांचं प्रक्षेपण आयोजकांवर अवलंबून असतं, आणि ते असलंच तर बहुतेक यूट्यूबवर असतं.

अमेरिकेत शिकायला गेलेली मराठी मुलं शनिवारी कॉलेज फुटबॉल पाहतात, तेव्हा तिथेही केबलशिवाय कसं पाहायचं हाच प्रश्न असतो. तिथे काही मोठ्या वाहिन्या साध्या अँटेनावर फुकट दिसतात आणि त्यावर कॉलेजचे सामनेही येतात. पण हे आपोआप झालेलं नाही. टीव्हीवर कॉलेजचे किती सामने यावेत, यावर तिथल्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेचं नियंत्रण होतं. विद्यापीठं न्यायालयात गेली आणि १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते नियंत्रण मोडीत काढलं. त्यानंतर सामन्यांचा पूर आला. आपला खेळ लोकांपर्यंत पोचवणं हे आपलं काम आहे, असं त्या विद्यापीठांनी मानलं.

आपल्याकडे कुणाशी भांडायचीही गरज नाही. एक स्टँड, एक बऱ्यापैकी मोबाइल आणि नीट नेट एवढ्यावर भागतं. खो-खोचं नेहमीचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. मोबाइल मैदानाच्या लांब बाजूला, बरोबर मध्यावर, उंचावर लावावा. दोन्ही खांब चित्रात बसले पाहिजेत. पळणारीच्या मागे कॅमेरा फिरवत राहिलं, तर चौकोनात बसलेल्या आठ जणींपैकी कुणाला खो मिळाला हेच दिसत नाही, आणि खो-खो तर तिथेच घडतो. यूट्यूबवर पहिल्यांदा थेट प्रक्षेपण सुरू करायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. मोबाइलवरून करायचं तर चॅनेलला किमान ५० सबस्क्राइबर लागतात. म्हणून ही तयारी स्पर्धेच्या आधल्या दिवसापर्यंत ढकलू नये.

जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या क्रीडा विभागांनी दोन गोष्टी केल्या, तरी खूप होईल. स्पर्धेची तारीख, वेळ आणि प्रक्षेपणाची लिंक खेळाडूंच्या गावच्या ग्रामपंचायतीला कळवायची. आणि सामना संपल्यावर व्हिडिओ काढून न टाकता तसाच ठेवायचा, म्हणजे दिवसभर रानात असलेल्या आईवडिलांना रात्री तो पाहता येईल. ग्रामपंचायतीने ती लिंक फलकावर लिहायची आणि मोठा सामना असेल तेव्हा डीडी स्पोर्ट्स लागेल, असा एक टीव्ही सर्वांसाठी चालू ठेवायचा. मुलगी खेळायला बाहेरगावी पाठवायची की नाही, हा निर्णय अजून कित्येक घरांत अडखळतो. शेजारच्या गावची मुलगी विद्यापीठाच्या संघातून खेळताना त्या घराने डोळ्यांनी पाहिली, तर तो निर्णय सोपा होईल.