‘घरचं भांडण’ म्हणून झाकलेली हिंसा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आदिवासी समाजात बाईला मोकळीक असते, असं आपण सहज म्हणून जातो. त्यात तथ्य नाही असं नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी राहतात. तिथं मुलीच्या बापाला हुंड्यासाठी कर्ज काढावं लागत नसे. उलट मुलाकडचे लोक देज देत. नवऱ्याशी पटलं नाही तर पंचांसमोर काडीमोड होई. विधवेचा पाट लागे. पांढरपेशा समाजातल्या बाईला जे मिळायला कायदे व्हावे लागले, ते इथं रीत म्हणून होतं.

पण या रीतीला दुसरी बाजू आहे. देज दिलं म्हणजे बाईच्या कष्टाची किंमत चुकती केली, असं मानणारा नवरा हात उचलताना कचरत नाही. काडीमोड घ्यायचा तर देज परत करा, असं पंच सांगतात आणि बाप हात जोडून लेकीला पुन्हा सासरी धाडतो. पंचांत बाई बसलेली फारशी दिसत नाही. तेव्हा मोकळीक आहे, पण ती वापरायची तर मोल मोजावं लागतं.

हेही स्पष्ट सांगायला हवं, की मारहाण ही आदिवासींची खासियत नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्यात बंगले आले, चाळी आल्या, वस्त्याही आल्या. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कुणाची तरी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के निघाल्या. वस्तीवरच्या बाईला मदत मागणं अधिक अवघड का जातं, हा खरा प्रश्न आहे.

भातलावणी, नाचणी-वरई, सरपण, पाणी ही सगळी कामं तिची. हिरडा गोळा करणं, वाळवणंही बरंचसं तिच्याकडे. पण हिरडा विकून आलेले पैसे कुणाच्या खिशात जातात? जमीन सातबाऱ्यावर बहुधा पुरुषाच्या नावे. डिंभे धरणाच्या पाण्यात कित्येकांच्या जमिनी गेल्या, तेव्हा माहेरीही तिला सामावून घेण्याइतकं राहिलेलं नसतं. तक्रारीला घोडेगाव किंवा जुन्नर गाठायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. शिवाय पोलिसांची भीती. ज्या समाजानं पोलीस पाहिला तो जंगलाच्या किंवा हातभट्टीच्या केसमध्ये, त्या समाजातली बाई नवऱ्याला पोलिसांच्या हाती देताना दहादा विचार करते. कॅनडात बेपत्ता आणि खून झालेल्या मूलनिवासी स्त्रियांबाबत नेमलेल्या राष्ट्रीय चौकशीनं २०१९ मध्ये अहवाल दिला, त्यातही पोलीस यंत्रणेवरचा हाच अविश्वास पानोपानी दिसतो.

आता आळ्याकडे या. आळे, ओतूर, नारायणगाव हा बागायती पट्टा. भाताची कामं उरकली की डोंगरातली कुटुंबं कांदा लागवडीला, टोमॅटोला, द्राक्षबागांत कामाला खाली उतरतात. शेताच्या कडेला खोपट पडतं. उचल नवऱ्यानं घेतलेली असते, त्यामुळे राबतात दोघं आणि हिशेब होतो एकाचा. वस्तीवर निदान सासू, जाऊ, शेजारीण मध्ये पडतात. इथं बांधावरच्या खोपटात आरडाओरडा झाला, तर मालक म्हणतो, ‘त्यांचं घरचं भांडण आहे.’

नेमकं हे ‘घरचं’पण दूर करण्यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा झाला. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यातल्या काही गोष्टी वस्तीवरच्या बाईच्या फार उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट लग्नाची. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यांची लग्नं रूढीनं होतात. काही ठाकर-कातकरी जोडपी आधी संसार मांडतात आणि ऐपत आली की विधी करतात. मग ‘लग्नाचा पुरावा आणा’ म्हटलं की बाई गप्प होते. हा कायदा मात्र लग्नासारख्या नात्यानं एका घरात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण देतो. तेव्हा लग्नपत्रिका नाही, फोटो नाही, म्हणून तिला दारातून परतवता येत नाही.

दुसरी गोष्ट, कुठं दाद मागायची. बाई जिथं कायम किंवा तात्पुरती राहते, अथवा जिथं काम करते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आंबेगावची बाई आळ्यात कांदे लावायला आलेली असेल, तर तिला घोडेगावला परत जायची गरज नाही. जुन्नरच्या न्यायालयात अर्ज चालतो. अर्ज लिहून देणं, घटनेचा अहवाल तयार करणं, त्याची प्रत तिला मोफत देणं हे संरक्षण अधिकाऱ्याचं काम आहे. वकिलाचा खर्चही तिच्यावर पडू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ती दोन्ही आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ‘त्याला आत टाकू नका, फक्त मारणं थांबवा,’ असं म्हणणाऱ्या बाया पुष्कळ असतात. आपण त्यांना दुबळ्या ठरवतो. खरं तर त्या हिशेबी असतात. तो तुरुंगात गेला तर उचल फेडायची कुणी? या कायद्यात न्यायालय आधी मनाई करतं : मारू नको, घराबाहेर काढू नको, खर्चाला दे. घर तिच्या नावावर नसलं तरी तिथं राहण्याचा तिचा हक्क राहतो. कमाई हिसकावून घेणं हीसुद्धा हिंसाच मानली आहे. मनाई मोडली तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि दारू? दारू हे कारण म्हणून सांगितलं जातं. मी तिला निमित्त म्हणेन. प्यायलेला माणूस मुकादमावर हात उचलत नाही, तो घरी येऊन उचलतो. तरी भट्टी बंद झाली की मार कमी होतो, हा बायकांचा अनुभव खोटा नाही. १९७२-७३ च्या सुमारास शहादा भागात, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, श्रमिक संघटनेतल्या भिल्ल शेतमजूर स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. तिथून त्या पुढं गेल्या आणि बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत जाब विचारू लागल्या. आज निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टीला परवानाच नसल्यानं तिथं मतदान उपयोगाचं नाही. तिथं अजून शहाद्याचीच वाट धरावी लागते.

बांधावरच्या मालकासाठीही या कायद्यात एक कलम आहे. हिंसा होत असल्याचं कुणालाही समजलं, तर तो संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो आणि सद्हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. शेजारी, आशाताई, शाळेतले गुरुजी, कुणीही. फोनच करायचा तर महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२.

राहिला जमिनीचा मुद्दा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात आदिवासी स्त्रीच्या वारसांना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला. आपल्याकडे त्याचा परिणाम दिसायला वेळ लागेल. पण वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावा, हे २००६ च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. तुमच्या गावात दावे मंजूर झाले असतील, तर कपाटातला तो कागद काढून त्यावर दोन नावं आहेत का, एवढं आज संध्याकाळी पाहा. एकच असेल, तर पुढच्या ग्रामसभेत तो विषय मांडता येईल.