कवाड आणि कपाट : वऱ्हाडातील लहान घर व जुने लाकूड

संस्कृतात ‘कपाट’ या शब्दाचा अर्थ दाराची फळी असा आहे. प्राकृतातून मराठीत येताना त्याचे ‘कवाड’ झाले, आणि या तद्भव रूपाने मूळचा अर्थ जतन केला. ‘कपाट’ हा तत्सम शब्द मात्र मराठीत दारामागच्या जागेला, म्हणजे वस्तू ठेवून बंद करता येणाऱ्या खणांना, लावला जाऊ लागला. एकाच शब्दाची ही दोन रूपे आज वऱ्हाडात प्रत्यक्ष व्यवहारातही एकत्र येऊ शकतात. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील जुनी धाब्याची घरे उतरविली जात आहेत. त्यांतून निघणाऱ्या कवाडांचे कपाट करावे की सरपण, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे येतो. त्याचा विचार जागा, लाकूड आणि शब्द अशा तीन अंगांनी करणे उपयुक्त ठरेल.

जुन्या घरात सामान थोडे होते असे म्हटले जाते. वस्तुतः ते थोडे नव्हते. त्याला भिंतीने आपल्यात सामावून घेतले होते. पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती उन्हाळ्याचा ताप अडवीत आणि त्याच जाडीत देवळ्या, कोनाडे व फडताळे कोरलेली असत. दिवा देवळीत, भांडी फडताळात, कपडे दांडीवर, दूधदुभते शिंक्यावर, पाण्याचे घडे घडवंचीवर अशी प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असे. बाज दिवसा भिंतीला उभी करून ठेवीत, जेवणाचे पाट एकावर एक रचून ठेवीत. म्हणजे जमीन ही दिवसातून अनेक कामांसाठी मोकळी होत असे. जागा वाचविणारे सामान ही कल्पना वऱ्हाडी घराला नवी नाही; ‘फर्निचर’ हे नाव तेवढे नवे आहे.

विटा व सिमेंटच्या नव्या घरात भिंत साडेचार किंवा नऊ इंचांची असते. तीत कोनाडा निघत नाही. इ.स. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट, ठरविण्यात आले. अशा घरातील 10 फूट रुंद व 12 फूट लांब खोलीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सहा फूट लांब व चार फूट रुंद पलंगाला 24, लोखंडी कपाटाला साडेचार व मेजाला आठ चौरस फूट जागा लागते. एकूण साडेछत्तीस चौरस फूट, म्हणजे खोलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, कायमचा अडून बसतो. भिंतीने सोडलेले काम आता सामानाला करावयाचे आहे, आणि तेही जमीन न अडविता.

यासाठी लागणारे लाकूड पुष्कळदा घरातच असते. धाब्याच्या घराचे छत मातीचे, पण त्याचा भार लाकडावर असतो : खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या. मेळघाटचे सागवान जवळ असल्याने सधन घरांत साग, तर साध्या घरांत कडुनिंब व बाभूळ वापरलेली आढळते. अशा लाकडाचा मोठा गुण हा की ते अनेक वर्षे वाळून स्थिर झालेले असते; ओल्या लाकडाप्रमाणे ते पुढे पिळत किंवा तडकत नाही. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. कडेच्या फिक्या लाकडाला मात्र हे संरक्षण नसते, म्हणून तो भाग काढून टाकावा.

निवड करताना चार परीक्षा पुरेशा होतात. हातोडीने ठोकले असता भरीव नाद यावा. बद्द आवाज आल्यास आत पोकळी समजावी. टोचा सहज आत शिरला तर लाकूड कुजले आहे. बारीक छिद्रांतून ताजी पिठी गळत असेल तर कीड अजून जिवंत आहे. आणि आरामशीनवर नेण्यापूर्वी प्रत्येक तुळईवरून लोहचुंबक फिरवावे, कारण आत मोडून राहिलेला एक खिळा पाते तोडतो व कारागिराला इजा करतो. जुन्या दारांवरील रंगाबाबत विशेष दक्षता हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण भारतात 2017 पासून कायद्याने दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित झाले; त्यापूर्वीच्या रंगांत ते कितीतरी अधिक असू शकते. असा रंग कोरडा घासू नये. त्याची धूळ लहान मुलांना अपायकारक असते. तो ओला करून, घराबाहेर, खरवडून काढावा. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर स्वस्त मिळाले तरी घरात आणू नयेत. ते टिकविण्यासाठी क्रिओसोटसारखी डांबरजन्य द्रव्ये वापरीत आणि ती आरोग्यास घातक आहेत.

लाकूड किती मिळेल याचा अंदाज आधी करता येतो. सहा इंच चौरस व आठ फूट लांब तुळईचा प्रत्येक बाजूस अर्धा इंच रंधून-कापून टाकला, तर पाच इंचांचा गाभा उरतो. करवतीची झीज धरून त्यातून एक इंची चार फळ्या निघतात. त्यांचे क्षेत्र सुमारे 13 चौरस फूट भरते. अशा तुळया व कवाड यांतून एका खोलीचे सामान होऊ शकते.

त्यातील पहिली वस्तू कपाट. सहा फूट उंच व दीड फूट रुंद अशा दोन फळ्यांचे कवाड मिळाले, तर तीन फूट रुंद व एक फूट खोल कपाट त्यामागे बसते. ते जमिनीवर केवळ तीन चौरस फूट अडविते आणि 18 घनफूट जागा देते. तेवढेच सामान दोन फूट उंच पेटीत ठेवावयाचे तर नऊ चौरस फूट जमीन लागेल. उंच व कमी खोल वस्तू पुढे कलंडते, म्हणून तिचा माथा भिंतीत गुट्टी ठोकून पक्का करणे अत्यावश्यक आहे.

दुसरी वस्तू पेटीचा दिवाण. सहा फूट लांब, तीन फूट रुंद व सवा फूट उंच पेटीत साडेबावीस घनफूट जागा मिळते. गाद्या, रजया व गोधड्या तीत सहज मावतात. झाकण एकसंध न करता दोन भागांत करावे, म्हणजे एका व्यक्तीस ते उचलता येते. बाजूंना हवेसाठी छिद्रे ठेवावीत. पेटीचा तळ जमिनीपासून चार इंच वर असावा, म्हणजे केर काढता येतो व वाळवीची वाट वेळीच दिसते.

तिसरी वस्तू भिंतीवरचे घडीचे मेज. तीन फूट लांब व दीड फूट रुंद फळी बिजागरीने भिंतीवरील पट्टीस जोडावी व खाली फिरणारा टेकू द्यावा. मुलांचा अभ्यास आटोपला की फळी खाली सोडावी. ती भिंतीपासून तीन-चार इंचच पुढे राहते. दिवसा उभ्या केलेल्या बाजेचेच हे तत्त्व होय.

जोडणीत वऱ्हाडच्या हवेचे भान ठेवावे लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि जुलैत हवा दमट होते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते व आकसते. उन्हाळ्यात घट्ट बसविलेले दार पावसाळ्यात अडकते; म्हणून चौकटीत दोन-तीन मिलिमीटर फट ठेवावी. चौकटीचे सांधे खाच पाडून व कुसू बसवून करावेत. रुंद फळी चारही बाजूंनी खिळ्यांनी जखडू नये, अन्यथा ती उभी तडकते.

या वस्तूंची नावेही लक्षात घेण्यासारखी आहेत. ‘तिवई’त तीन पाय आहेत, ‘घडवंची’त घडा व मंच आहे. ‘खाट’ ही संस्कृत ‘खट्वा’, ‘शिंके’ हे ‘शिक्य’. ‘खुर्ची’ अरबीतून आली. ‘दिवाण’ फारसीतून आला. दरबार व कचेरी हा त्याचा अर्थ बैठकीवरून शेवटी निजण्याच्या जागेवर स्थिरावला. वऱ्हाडात कपाटाला ‘आलमारी’ म्हणतात. हा शब्द मूळ पोर्तुगीज असून येथे तो हिंदीच्या संपर्काने रुळला. ‘फळी’ व ‘खिळा’ यांतील ‘ळ’ येथील बोलीत ‘य’ होतो. ‘फयी’, ‘खिया’ ही रूपे सुताराच्या अंगणात सहज कानी पडतात.

घर उतरविले जाते तेव्हा लाकूड एका दिवसात वजनावर विकले जाते किंवा चुलीत जाते. देवळी, दांडी, घडवंची हे शब्द त्यानंतर काही वर्षे वृद्धांच्या बोलण्यात टिकतात आणि वस्तू नसल्याने मुलांपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून घर पाडण्यापूर्वी एक दिवस राखून खांब, तुळया, कड्या व कवाडे मोजावीत, चांगली निवडून आडोशाला रचावीत, आणि प्रत्येक भागाला घरातील वडीलधारी माणसे व सुतार काय म्हणतात ते त्यांच्याच उच्चारात लिहून ठेवावे. या यादीचा उपयोग सुताराला लाकूड कापताना होईल आणि कोशकाराला शब्द नोंदविताना होईल.