नोंद कोणी करावयाची?

कारखान्यात माणसाचे नाव हजेरीपटावर लागते. पटावर नाव नाही तर पगार नाही, आणि तक्रार घेऊन जाण्यास दारही नाही. म्हणून तृतीयपंथीयांचा प्रश्न समजण्यास कामगारास फारशी विद्वत्ता लागू नये. (मजपाशी ती नाहीच.)

नोंदणी त्यांना नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उत्तर हिंदुस्थानात त्यांची सरकारी नोंदवही सुरू केली. नोंदलेला हिजडा स्त्रीवेषात रस्त्यावर दिसला की वॉरंटावाचून अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद! दत्तक घेणे, मृत्युपत्र करणे हेही हक्क काढून घेतले. यादी सरकारची, व्याख्याही सरकारचीच.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे उलटे केले. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचे त्याने सांगावे. त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदा. २०१९ च्या कायद्याने हा हक्क शब्दांत मानला, पण दाखला जिल्हाधिकाऱ्याच्या हाती ठेवला, आणि स्त्री वा पुरुष म्हणून दाखला हवा तर शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र मागितले. त्याच कायद्यात तृतीयपंथीयावरील लैंगिक अत्याचारास कमाल शिक्षा लिहिली दोन वर्षे. १८७१ साली स्त्रीवेषाला होती तेवढीच. स्त्रीवरील बलात्कारास तेव्हा किमान दहा वर्षे होती.

आपल्याकडे २०२२ च्या पोलिस भरतीच्या अर्जात लिंगाचे दोनच रकाने होते. न्यायाधिकरणाने तिसरा रकाना घालण्यास सांगितले, तर सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले! तेथे कानउघाडणी झाल्यावर डिसेंबरात रकाना आला. भरतीचे नियम करण्यास न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ अखेरची मुदत दिली.