भोंगा वाजल्यानंतर

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. पुणे जिल्ह्यात त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांत मुळशी पंचायत समिती होती. त्याच पहाटे भारताची ‘ऑपरेशन सिंदूर’ ही पाकिस्तानविरुद्धची लष्करी कारवाई झाली होती, त्यामुळे साऱ्यांचे कान भोंग्याकडे लागले. भोंग्याची भाषा सोपी आहे. वरखाली होणारा सूर धोक्याचा, सलग एकसुरी आवाज धोका टळल्याचा. पण भोंग्याचे काम तिथेच संपते आणि माणसांचे तिथून सुरू होते. पहिली काही मिनिटे ना अग्निशमन दल पोहोचलेले असते, ना रुग्णवाहिका. हाताशी असतो तो शेजारी. त्या शेजाऱ्याला तयार करणे हाच नागरी संरक्षणाचा गाभा आहे, आणि मुळशी तालुक्यातल्या महाळुंग्यासारख्या झपाट्याने उंच झालेल्या गावाला त्याची निकड मोठी आहे.

१९६२ आणि १९६५ च्या युद्धांचा अनुभव गाठीशी घेऊन १९६८ साली नागरी संरक्षण कायदा झाला. नागरी संरक्षणाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था महाराष्ट्रातच, नागपुरात, १९५७ पासून आहे. नागरी संरक्षण दलाचा कणा म्हणजे स्वयंसेवक, आणि त्यांतला सर्वांत मोलाचा माणूस क्षेत्ररक्षक, म्हणजेच वॉर्डन. त्याचे खरे हत्यार म्हणजे वहीत नोंदलेली आपल्या भागाची बारकाईची माहिती: कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कोण ऑक्सिजनवर आहे, गॅसचा मुख्य कॉक कुठे आहे, गच्चीची किल्ली कोणाकडे असते, कोणत्या मजल्यावर परिचारिका राहते. ढिगारा उपसणाऱ्या पथकाला ‘या खोलीत दोघे झोपतात’ हे सांगणारा माणूस भेटला, तर शोधाचे कितीतरी तास वाचतात.

गावगाड्यात ही माहिती वेगळी जमवावी लागत नसे. पोलीस पाटील होता, ग्रामसुरक्षा दल होते, आणि कोणाच्या घरी कोण आहे हे साऱ्या आळीला ठाऊक असे. मुळेकाठचे महाळुंगे जून २०२१ अखेर पुणे महापालिकेत गेले. शेजारी हिंजवडीची आयटी नगरी, अंगणात बालेवाडीचे क्रीडासंकुल, आणि शेतांच्या जागी टॉवर. ग्रामपंचायत गेली, पण आळीची जागा सोसायटीने अजून पुरती घेतलेली नाही. वीज गेली, लिफ्ट थांबली, तर विसाव्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून जिन्याने खाली कोण आणणार? ब्लॅकआउटमध्ये सामायिक जिन्याचे दिवे कोण मालवणार? याची उत्तरे आधी ठरलेली हवीत, आणि निदान एकदा करून पाहिलेली हवीत.

कोणी म्हणेल, सीमा शेकडो कोस दूर आहे, मग पुण्याला याचे काय? पण लांब पल्ल्याच्या अस्त्रांच्या काळात अंतराचा भरवसा उरलेला नाही, आणि ही तयारी युद्धापुरती नसतेच. २००९ च्या दुरुस्तीने आपत्तीतले काम कायद्यानेच या दलाकडे दिले. आग आणि मुळेचा पूर महाळुंग्याला काही परके नाहीत. दुसरी शंका अधिक गंभीर आहे: सरावाने लोक घाबरतात. न सांगता, न समजावता भोंगा वाजवला तर घाबरतीलच. पण ज्याने वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे एकदा शिकून घेतले, त्याच्या भीतीला हाताने करायचे काम मिळते. पुण्याजवळ सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, मग आपण कशाला, असेही विचारले जाते. ती तुकडी कितीही तरबेज असली तरी तिला रस्ता कापावा लागतो. शेजाऱ्याला फक्त जिना.

आणि जवानांचे रक्षणही यातच आहे. लोक घरात शांत राहिले, रस्ते मोकळे राहिले, लष्करी हालचालींचे व्हिडिओ कोणी पसरवले नाहीत, तर लढणाऱ्याला मागे वळून पाहावे लागत नाही. म्हणून प्रत्येक सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या विषयाआधी हा एक विषय यावा: आपला क्षेत्ररक्षक कोण, आणि त्याची वही कुठे आहे?