तीस किलोमीटरच्या आतील संसार

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव प्राचीन मंदिरांमुळे अभ्यासकांना परिचित आहे. परंतु त्या शिल्पवैभवाकडे पाहण्याची सवड नसलेला एक वर्ग अशा गावांच्या बसथांब्यांवर रोज सकाळी घड्याळाकडे पाहत उभा असतो. तो पती-पत्नी दोघेही नोकरीत असलेल्या शिक्षकांचा आणि कारकुनांचा. पत्नीची शाळा एका दिशेला, पतीची दुसऱ्या दिशेला आणि मूल आजीच्या स्वाधीन! दोन पगारांमुळे घरात सुबत्ता येते हे खरे. तथापि तिची किंमत संसाराच्या कोणत्या खात्यावर पडते, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही.

शासनाने हा प्रश्न मुख्यतः अंतराचा मानला. जिल्हा परिषद शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्यांविषयी २७ फेब्रुवारी २०१७ रोजी निघालेल्या निर्णयाने, ज्या शिक्षक दांपत्यांच्या कामाची ठिकाणे ३० किलोमीटरहून दूर असतील त्यांना बदलीत प्राधान्य दिले. तरतूद स्वागतार्हच होती. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या पती-पत्नींमध्ये संवाद उरतो तो बहुधा किराणा, फी आणि औषधे यांपुरताच.

परंतु दोघांना एकत्र आणले म्हणजे ताण संपतो काय? याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांत पती-पत्नी मिळून एक 'कोयता' धरतात. उचल जोडीवर ठरते, दोघे एकाच फडात राबतात; त्यांच्यात किलोमीटरचे काय, हाकेचेही अंतर नसते. तरीही पहाटे उठून पाणी भरणे, चूल पेटवणे, भाकरी थापणे आणि मग फडावर जाणे, हा क्रम बहुधा स्त्रीच्याच वाट्याला येतो. शिक्षिकेच्या घरी चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली, एवढाच काय तो फरक. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते, पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा घटला. वाटणी मात्र जवळजवळ होती तेथेच राहिली.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात कुटुंबातील श्रमविभागणीचे विवेचन केले. एकाने मिळवावे, दुसऱ्याने घर पाहावे, यात दोघांचा लाभ असतो असा त्याचा आशय. दोघेही मिळवू लागल्यावर त्या विभागणीचा आधारच जातो. जुनी वाटणी मात्र सवयीने चालू राहते आणि संसारातील कुरबुरींचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.

फ्रेड लूथान्स आदी अभ्यासकांनी आशा, आत्मविश्वास, आशावाद आणि संकटातून सावरण्याची शक्ती या गुणांना 'मानसिक भांडवल' म्हटले आहे. हे गुण अंगी असलेली माणसे ओढाताण अधिक शांतपणे सोसतात, यात शंका नाही. पण भांडवल म्हटले की घसारा आलाच! आपल्याकडे पत्नीच्या सोशिकतेचे कौतुक होते, पण ती किती झिजली हे कोणी विचारत नाही. सोशिकतेची भरपाई स्तुतीने होत नसते. त्यासाठी रोजच्या कामातील तास-दीड तास दुसऱ्याने उचलावा लागतो.

या बाबतीत शासनाची दृष्टीही घराघरांतील दृष्टीहून फारशी वेगळी नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्राने महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, हे योग्यच झाले. पुरुषालाही ती मिळाली. मात्र त्याची पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच.