नव्याची ओढ, दुर्मिळाचा मोह : ‘मॅजिक’च्या कार्डांचे संग्रहविश्व

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा अद्भुतरम्य कथाविश्वावर बेतलेला अमेरिकी कार्डखेळ १९९३ साली बाजारात आला आणि संग्राह्य कार्डखेळ हा नवा खेळप्रकारच त्याच्यापासून सुरू झाला. जादूगार, राक्षस, ड्रॅगन, मंत्र आणि शापित वस्तू यांची चित्रे असलेली ही कार्डे दर काही महिन्यांनी नव्या संचाच्या रूपाने प्रसिद्ध होतात. प्रत्येक वेळी संग्राहकांची जी लगबग उडते, तिचे नवख्या माणसाला नवल वाटते. कारण ज्याच्याकडे हजारो कार्डे आधीच खोक्यांमध्ये रचून ठेवलेली आहेत, त्याला आणखी काहीशे कार्डांची एवढी आस का असावी, हा प्रश्न स्वाभाविकच आहे. त्याचे उत्तर संग्राहकाच्या स्वभावात जितके आहे तितकेच खेळाच्या रचनेतही आहे. हा खेळ टिकण्यासाठी त्यात सतत नावीन्य यावे लागते, तर संग्रहाला मोल येण्यासाठी दुर्मिळता लागते, आणि नवा संच या दोन परस्परविरोधी गरजांना काही आठवड्यांपुरते एकत्र नांदवतो.

खेळाचा जनक रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा अभ्यासक. त्याने तयार केलेला एक पटावरचा खेळ घेऊन तो वॉशिंग्टन राज्यातील ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या लहानशा कंपनीचा संस्थापक पीटर ॲडकिसन याच्याकडे गेला, तेव्हा तो खेळ छापणे कंपनीच्या आवाक्याबाहेरचे असल्याने ॲडकिसनने त्याला सहज जवळ बाळगता येईल, झटपट आटोपेल आणि खेळाच्या संमेलनांमध्ये दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात मांडता येईल असे काहीतरी सुचवायला सांगितले. गारफिल्डने यावर दिलेला तोडगा क्रांतिकारक ठरला. बावन्न पत्त्यांचा जोड घ्या किंवा सावंतवाडीची १२० पत्त्यांची दशावतारी गंजिफा घ्या, त्यांतला प्रत्येक जोड दुसऱ्यासारखाच असतो आणि एकदा विकत घेतला की तो पूर्ण असतो. गारफिल्डच्या खेळात मात्र प्रत्येक खेळाडूने आपल्याजवळच्या कार्डांतून स्वतःचा जोड, म्हणजे ‘डेक’, बांधायचा होता. त्यामुळे एकाचा जोड दुसऱ्यासारखा असण्याचे कारण उरले नाही आणि ‘पूर्ण’ या शब्दालाही खेळात जागा उरली नाही.

खेळाचे सूत्र थोडक्यात असे, की प्रत्येक खेळाडू हा जादूगार असून त्याला वीस जीवनगुण मिळालेले असतात आणि प्रतिस्पर्ध्याचे गुण शून्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट असते. मैदान, बेट, दलदल, पर्वत आणि अरण्य अशी पाच प्रकारची भूमिकार्डे असतात, त्यांतून अनुक्रमे पांढरी, निळी, काळी, लाल आणि हिरवी ऊर्जा मिळते, ‘माना’ या नावाने ओळखली जाणारी ही ऊर्जा खर्चून प्राणी बोलावता येतात किंवा मंत्र टाकता येतात. नेहमीच्या स्पर्धात्मक प्रकारात डेकमध्ये किमान साठ कार्डे असतात आणि मूलभूत भूमी सोडता एकाच नावाची चारपेक्षा अधिक कार्डे ठेवता येत नाहीत. नियमांचा सांगाडा असा स्थिर असला तरी कार्डांवरचा मजकूर ते नियम वाकवतो, मोडतो किंवा उलटे करतो, आणि म्हणूनच नव्या कार्डांबरोबर खेळाचे गणितही बदलते.

‘अल्फा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या आवृत्तीत २९५ कार्डे होती आणि एकूण छपाई सुमारे २६ लाख कार्डांची होती. ती पाहता पाहता संपली. १९९३ च्याच डिसेंबरमध्ये ‘अरेबियन नाइट्स’ हा पहिला विस्तारसंच आला, तेव्हा त्याच्या कार्डांची पाठ वेगळ्या रंगाची छापण्याचा विचार होता. पण तो शेवटच्या टप्प्यात सोडून देण्यात आला. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या निर्णयावर पुढची सगळी परंपरा उभी आहे, कारण पाठ सारखी असल्यामुळेच नवे कार्ड जुन्या डेकमध्ये ओळखू न येता मिसळू शकते आणि आजचा संच तीस वर्षांपूर्वीच्या कार्डाशेजारी खेळता येतो. याच कारणाने १९९३ ची पाठ आजतागायत तशीच छापली जाते; तिच्यावर ‘डेकमास्टर’ या शब्दाजवळ मूळ चित्रात राहून गेलेला पेनाचा एक फराटासुद्धा अजून कायम आहे.

नवा संच ग्राहकाच्या हाती येतो तो बंद पाकिटांतून. या पाकिटाला ‘बूस्टर’ म्हणतात. त्यात वर्षानुवर्षे पंधरा कार्डे असत, तर २०२४ पासून रूढ झालेल्या ‘प्ले बूस्टर’मध्ये ती चौदा असतात. आत नेमके काय निघेल हे विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. ठाऊक असते ते एवढेच, की बहुतेक कार्डे सामान्य दर्जाची, काही थोडी कमी आढळणारी आणि किमान एक दुर्मिळ असेल. २००८ मध्ये याच्याही वर ‘मिथिक रेअर’ हा अतिदुर्मिळ दर्जा आला, आणि त्याचे कार्ड साधारण आठ पाकिटांतून एखाद्यात निघे. ही दुर्मिळता छापखान्यातच ठरते : कार्डांचे मोठे ताव छापले जातात, एका तावावर पारंपरिकपणे अकरा गुणिले अकरा अशी १२१ कार्डे बसतात, आणि कोणत्या दर्जाचे ताव किती छापायचे व एखादे कार्ड तावावर किती वेळा घ्यायचे यावरून ते पाकिटात किती वेळा सापडेल हे निश्चित होते.

नवे कार्ड हातात आल्यावर अनुभवी संग्राहक ते कसे वाचतो, हेही पाहण्याजोगे आहे. चित्राखाली उजव्या बाजूला संचाचे चिन्ह असते. ते काळे असेल तर कार्ड सामान्य, रुपेरी असेल तर कमी आढळणारे, सोनेरी असेल तर दुर्मिळ आणि नारिंगी-तांबूस असेल तर अतिदुर्मिळ. ही रंगखूण १९९८ च्या ‘एक्झोडस’ संचापासून सुरू झाली आणि तळाशी छापला जाणारा अनुक्रमांकही त्याच संचापासून, त्यामुळे आपल्या वहीतला कोणता कप्पा रिकामा आहे हे संग्राहकाला एका नजरेत कळू लागले. तळाशीच चित्रकाराचे नाव असते, आणि २०१४ पासून दुर्मिळ कार्डांच्या खालच्या कडेला मध्यभागी एक लहानसा चमकता शिक्का बसवलेला असतो, जो बनावट कार्ड ओळखायला उपयोगी पडतो. त्यानंतर कार्ड प्रकाशात तिरके धरून कडांवरची पांढुरकी झीज, कोपऱ्यांची गोलाई आणि चौकटीचा तोल पाहिला जातो. सगळे ठीक असेल तर ते लगेच पारदर्शक ‘स्लीव्ह’मध्ये जाते, आणि फारच मोलाचे असेल तर गुणांकन करणाऱ्या संस्थेकडे पाठवले जाते, जिथे त्याला दहापैकी गुण देऊन ते कडक प्लॅस्टिकच्या आवरणात कायमचे बंद करतात.

संचाच्या आगमनाचा क्रम आता जवळजवळ विधीसारखा पक्का झाला आहे. आधी संचाचे नाव आणि त्याचे कथाविश्व जाहीर होते. प्रकाशनाआधीच्या काही आठवड्यांत रोज थोडी थोडी कार्डे उघड केली जातात. त्यानंतर खेळाच्या दुकानांत ‘प्रीरिलीज’ नावाचा पूर्वप्रकाशनाचा मेळा भरतो, ज्यात प्रत्येक जण सहा पाकिटे उघडून त्यांतूनच चाळीस कार्डांचा डेक बांधतो. ‘ड्राफ्ट’ या दुसऱ्या प्रकारात साधारणपणे आठ जण गोलाकार बसतात, प्रत्येक जण आपल्या पाकिटातले एक कार्ड ठेवून उरलेली शेजाऱ्याकडे सरकवतो आणि तीन पाकिटे संपेपर्यंत हे चालू राहते. खेळण्यासाठी हवे असलेले साधे कार्ड घ्यावे की संग्रहासाठी हवे असलेले दुर्मिळ कार्ड, असा पेच इथे प्रत्येक फेरीत पडतो. या सगळ्या काळात संचाविषयीचे ज्ञान अपुरे असते. कोणते कार्ड प्रबळ ठरेल, कोणते विस्मरणात जाईल, याविषयी प्रत्येकाचा अंदाज तेवढ्याच तोलाचा असतो, आणि संग्राहकाचा उत्साह मुख्यतः याच अनिश्चित अवधीत फुलतो. काही आठवड्यांनी उत्तम डेक ठरून जातात, किमती स्थिरावतात आणि संच ‘सुटलेल्या’ कोड्यासारखा होतो.

किमतींचा प्रवासही या अवधीचाच आरसा आहे. प्रकाशनाआधीच्या नोंदणीत सुटी कार्डे, म्हणजे ‘सिंगल्स’, बहुधा चढ्या भावाने विकली जातात. पाकिटे मोठ्या प्रमाणावर उघडली जाऊ लागली की पुरवठा वाढून भाव उतरतो, आणि एखादे दुर्लक्षित कार्ड स्पर्धेत चमकले तर रातोरात वधारते. जाणते संग्राहक म्हणूनच पाकिटांच्या मागे न लागता थोडा दम धरून हवी ती कार्डे सुटी घेतात. तरीही पाकीट फोडण्याचा मोह त्यांनाही पूर्णपणे आवरत नाही, कारण अनियमितपणे मिळणारे बक्षीस नियमित बक्षिसापेक्षा माणसाला अधिक काळ गुंतवून ठेवते, हे मानसशास्त्रज्ञांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे.

नावीन्य आणि दुर्मिळता यांचा तोल सांभाळताना कंपनीचा पाय अनेकदा घसरला. सुरुवातीचे विस्तारसंच दुकानांत टिकत नव्हते, म्हणून नोव्हेंबर १९९४ मधील ‘फॉलन एम्पायर्स’ हा संच इतका छापला गेला की तो मागणीपेक्षा कितीतरी जास्त झाला आणि दुकानदारांकडे पडून राहिला. पुढच्याच वर्षी ‘क्रॉनिकल्स’मधून जुनी, महागलेली कार्डे पुन्हा छापण्यात आली; नवख्यांना ती सोयीची वाटली, पण जुन्या संग्राहकांच्या कार्डांचे भाव कोसळले आणि संतापाची लाट उठली. त्यावर उपाय म्हणून १९९६ मध्ये कंपनीने ‘रिझर्व्ह्ड लिस्ट’ जाहीर केली, म्हणजे पुन्हा कधीही न छापण्याच्या कार्डांची यादी. पहिल्या आवृत्त्यांतील ‘ब्लॅक लोटस’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध कार्ड. काही खर्च न करता मांडता येणारे आणि त्याग केल्यावर एकाच रंगाचे तीन माना देणारे हे कार्ड अल्फामध्ये सुमारे ११०० च छापले गेले. त्याची ख्रिस्तोफर रश या चित्रकाराची स्वाक्षरी असलेली एक प्रत २०२१ मध्ये ५ लाख ११ हजार १०० डॉलरला विकली गेली.

दरम्यान दुर्मिळता मुद्दाम घडवण्याकडेही कंपनीचा कल वाढला. २०१९ पासून ‘कलेक्टर बूस्टर’ ही खास संग्राहकांसाठीची महाग पाकिटे आली. २०२२ मधील ‘द ब्रदर्स वॉर’ संचात तर प्रत्येकी फक्त ५०० प्रती असलेली, क्रमांक छापलेली कार्डे टाकण्यात आली. याचा कळस २०२३ च्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ संचात झाला : त्यातील ‘द वन रिंग’ या कार्डाची जगात एकच, काल्पनिक लिपीत छापलेली प्रत एका अज्ञात पाकिटात ठेवली गेली, ती कॅनडात निघाली आणि पोस्ट मलोन या गायकाने ती २० लाख डॉलरच्या घरात विकत घेतली. २०२५ च्या ‘फायनल फँटसी’ संचाने पहिल्याच दिवशी २० कोटी डॉलरची विक्री केल्याचे मालक कंपनी हॅस्ब्रोने सांगितले. दुसरीकडे २०२२ मध्ये तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त पंधरा कार्डांची चार पाकिटे ९९९ डॉलरला विकायला काढली गेली, तीही वेगळ्या पाठीची व अधिकृत स्पर्धेत न चालणारी, तेव्हा निष्ठावान ग्राहकांनीच कडक टीका केली. त्याच सुमारास अति छपाईमुळे या खेळाचे दीर्घकालीन मोल घटेल, असा इशारा बँक ऑफ अमेरिकेच्या विश्लेषकांनी दिला.

पैशाच्या या उलाढालीत एक गोष्ट मात्र झाकोळू नये, ती म्हणजे प्रत्येक संच एक नवे कल्पित जग घेऊन येतो आणि अनेक संग्राहक खरे त्या जगासाठी थांबलेले असतात. मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे उदाहरण सप्टेंबर २०१६ मधील ‘कलादेश’ संचाचे आहे. भारतापासून प्रेरणा घेऊन रचलेल्या या जगात घिरापूर नावाचे संशोधकांचे शहर आहे, पितळी वेलबुट्टीची यंत्रे आहेत आणि रश्मी नावाची कारागीरही आहे. त्याच काळात जुन्या प्रसिद्ध यंत्रकार्डांच्या नक्षीदार चौकटीतल्या विशेष प्रती काढण्यात आल्या, त्या आजही शोधल्या जातात. २०२५ च्या ‘ईथरड्रिफ्ट’ संचात हे जग ‘आविष्कार’ या नव्या नावाने परत आले. ज्यांच्या वहीत आधीची कार्डे होती, त्यांच्यासाठी तो संच ओळखीच्या गावाची पुढची हकिकत होती.

एका वर्षात सहा मोठे संच येऊ लागल्यावर सर्व काही जमवण्याची जुनी प्रतिज्ञा सामान्य माणसाला परवडणारी राहिलेली नाही. जॉन एव्हनसारख्या एकाच चित्रकाराची भूमिचित्रे, फक्त ड्रॅगन किंवा एकाच जगाची कार्डे जमवणारे संग्राहक यातून वाढले आहेत, आणि त्यांची निवड समंजसपणाची आहे. ‘ब्लॅक लोटस’ दुर्मिळ झाले, कारण ते मोजके छापले गेले होते आणि लोकांनी ते जपून ठेवण्याऐवजी हातांनी पिसून, खिशात घालून, खेळून झिजवले. आज क्रमांक घालून छापलेले कार्ड पहिल्या क्षणापासून आवरणात जाते, त्यामुळे त्याची दुर्मिळता खरी असली तरी त्याला कोणाच्या खेळाची आठवण चिकटलेली नसते. नव्या संचाची ओढ जोवर ‘हे कार्ड खेळात काय करील?’ या कुतूहलातून येते, तोवर संग्राहकाच्या हाती भाव उतरल्यावरही काहीतरी उरते; ती ओढ केवळ ‘हे उद्या कितीला जाईल?’ या हिशेबावर उभी राहिली, तर भाव पडताच त्याच्याकडे रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे तेवढे राहतात.