आठवीचा 'भूमी उपयोजन' पाठ आणि आपल्या दारात येणारं शहर: पनवेल-उरणच्या वाढीचं नियोजन



आठवीच्या भूगोलात 'भूमी उपयोजन' आणि 'उद्योग' असे दोन पाठ आहेत. खरं सांगायचं तर आपण ते लवकर उरकतो. निवासी क्षेत्र, व्यावसायिक क्षेत्र, औद्योगिक क्षेत्र. व्याख्या झाल्या, स्वाध्याय झाला, पुढचा पाठ. पण तुम्ही रायगडच्या किनारपट्टीवर शिकवत असाल, तर हा पाठ वर्गाच्या खिडकीतूनच दिसतो. एका बाजूला भातखाचर, दुसऱ्या बाजूला कंटेनरचे ढीग, मध्ये अर्धवट टॉवर.

मागच्या वर्षी एक पालक शाळा सुटल्यावर भेटायला आले. हातात सातबारा. "सर, आमच्या शेतातून रस्ता दाखवलाय म्हणतात. खरं का ते?" आम्ही दोघांनी मिळून नकाशा उघडला, गट नंबर शोधला. रस्ता होता. पण हरकत नोंदवायची मुदत संपून गेली होती. नोटीस लागली होती, गावातल्या लोकांनी ती पाहिलीही होती. ती आपल्यासाठी आहे, हे मात्र कोणाला कळलं नव्हतं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती आणि या पाठावरच्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी गुण होते.

त्या दिवसापासून मी हा पाठ वेगळ्या पद्धतीने शिकवतो. तोच इथे मांडतोय.

१. कारखाने इथेच का आले?

मुलांना आधी हा प्रश्न विचारा. उत्तर येतं, "मुंबई जवळ आहे म्हणून." बरोबर, पण अर्धंच. दुसरं अर्धं उत्तर पाण्यात आहे.

कोकणातल्या बहुतेक नद्या पावसाळ्यात दुथडी वाहतात आणि उन्हाळ्यात आटतात. पण पाताळगंगा आणि कुंडलिका बारमाही वाहतात. कारण टाटांची जलविद्युत केंद्रं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात येतं (हे केंद्र १९१५ च्या सुमारास सुरू झालं), वीज तयार करतं आणि पाताळगंगेत जातं. मुळशीचं पाणी तसंच भिऱ्याला उतरून कुंडलिकेत जातं. म्हणजे पूर्वेकडे भीमा खोऱ्यात जाणारं पाणी पश्चिमेकडे वळवलं गेलं. आता नकाशा बघा: पाताळगंगेच्या काठी खोपोली आणि रसायनी, कुंडलिकेच्या काठी रोहा-धाटाव. कारखाने बारमाही पाण्यामागोमाग आले.

मग सपाट जमीन, मुंबई-पुणे रस्ता, रेल्वे आणि खाडी. राज्याची औद्योगिक वसाहती उभारणारी संस्था, म्हणजे एमआयडीसी, १९६२ ला स्थापन झाली. पनवेलजवळची तळोजा औद्योगिक वसाहत तिचीच. पुढे २६ मे १९८९ ला न्हावा-शेवा इथलं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि उरण तालुक्याचा चेहरामोहराच बदलला.

२. नियोजित शहर म्हणजे काय?

१९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे पूर्वेला वाढू द्या. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (म्हणजे आताच्या रायगड) जिल्ह्यातली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि २० लाख लोकांचं शहर, असा तो बेत.

पद्धत अशी ठरली: सरकारने शेतकऱ्यांची जमीन घ्यायची, सिडकोने रस्ते, पाणी, गटारं करायची, विकसित भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढचं शहर बांधायचं. कागदावर हिशोब चोख होता. पण शेतकऱ्याला मिळाला तो शेतजमिनीचा भाव, आणि पुढे तीच जमीन विकली गेली शहरी भावाने. मधली वाढ शेतकऱ्याच्या वाट्याला आली नाही. याच प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. जासईला दरवर्षी त्यांचं स्मरण होतं. तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आजोबा त्या आंदोलनात असतील, विचारून बघा.

या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के योजना आली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. विमानतळ प्रकल्पग्रस्तांसाठी हे प्रमाण साडेबावीस टक्के झालं.

३. आधी कारखाना, मग घर, मग वास

तळोजा वसाहत वसली तेव्हा भोवती शेती आणि लहान गावं होती. नंतर खारघर, कळंबोली, तळोजा इथे नागरी वसाहती वाढत गेल्या आणि इमारती कारखान्यांच्या जवळ येऊन पोचल्या. रहिवाशांची नेहमीची तक्रार अशी: दिवसा ठीक असतं, रात्री आणि पहाटे मात्र उग्र दर्प येतो.

असं का होतं? हे तर आपण मुलांना शिकवलेलंच आहे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. तळोजा वसाहत नागरी भागाच्या साधारण पूर्वेला, म्हणून दिवसा धूर आतल्या बाजूला जातो. रात्री वारे उलटतात, मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे येतात आणि वास घरांकडे येतो. शिवाय हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, वर जात नाही. धूर खालीच अडकतो.

म्हणजे नियोजनकाराने वाऱ्याची दिशा विचारात घ्यायला हवी, आणि कारखाने व घरं यांच्यात झाडांचा, मोकळ्या जागेचा रुंद पट्टा राखायला हवा. नुसता नकाशावर दाखवून भागत नाही, तो पट्टा वीस वर्षांनीही मोकळा राहिला पाहिजे. जमिनीला भाव आला की सगळ्यात आधी जातो तो हाच पट्टा.

पाण्याचंही तेच. वसाहतीजवळून कासाडी नदी वाहते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा परिसरात निळे झालेले भटके कुत्रे दिसले आणि ती बातमी देशभर गेली. मुलांना हे उदाहरण चटकन लक्षात राहतं. पण त्यांना पुढचा प्रश्नही विचारा: कुत्र्याच्या अंगावरचा रंग दिसला म्हणून बातमी झाली, नदीतून खाडीत जाणारं, डोळ्यांना न दिसणारं काय काय असेल? खाडीवर पोट असलेल्या कोळी कुटुंबाचं काय?

४. उघाडी आणि धारण तलाव

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे आपल्या आजोबांची विद्या आणि अभियंत्यांची विद्या एकत्र येतात.

खारेपाटात भातशेती कशी होते? खाडीच्या कडेने मातीचा बांध, आणि बांधात उघाडी. भरती आली की उघाडीचं दार बंद होतं, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की दार उघडतं, शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं. शहर वसवताना सिडकोने हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरलं. सखल भागात धारण तलाव खोदले, तोंडाला दारं बसवली. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर पाणी या तलावात साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं.

अडचण कुठे येते? तलावात गाळ साचतो, खारफुटी उगवते. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे गाळ काढायला परवानग्या लागतात. तोवर तलाव उथळ होत जातो. दुसरीकडे, पूर्वी जी खाचरं पावसाचं पाणी पोटात घ्यायची तिथे भराव पडतो. नवी वसाहत उंचावर जाते आणि शेजारचं जुनं गाव खोलगट भागात सापडतं. गावात पूर्वी कधी पाणी शिरत नव्हतं, आता शिरतं, ही तक्रार ऐकली की आधी भोवतालचा भराव बघावा.

पिण्याच्या पाण्याचा हिशोबही मुलांसमोर ठेवा. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी सिडकोच्या वसाहतींना जातं. त्याच तालुक्यातल्या खारेपाटातल्या गावांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागत आली आहे. २००८ मध्ये मुंबईलगतच्या प्रस्तावित विशेष आर्थिक क्षेत्राला विरोध करताना पेणच्या शेतकऱ्यांचा मुद्दा हाच होता: आमची जमीन हेटवणेच्या लाभक्षेत्रात आहे, ती ओलिताखाली यायची आहे. २१ सप्टेंबर २००८ ला २२ गावांत त्यावर जनमत घेतलं गेलं. ते भूसंपादन पुढे झालं नाही.

५. आता पुढे काय?

१ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, म्हणजे 'नैना'साठी, २०१३ पासून सिडको नियोजन प्राधिकरण आहे. आणि २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेण या तीन तालुक्यांतल्या १२४ गावांचं, सुमारे ३२३ चौरस किलोमीटरचं कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर जाहीर झालं. त्याची जबाबदारी एमएमआरडीएकडे आहे. यालाच लोक 'तिसरी मुंबई' म्हणतात.

नैनामध्ये जमीन घेण्याची पद्धत बदलली आहे. इथे नगररचना योजना आहे: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, उद्यानं, शाळा यांच्या जागा काढायच्या आणि उरलेले भूखंड मालकांना परत द्यायचे. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित सहज जमतं. धरा, एक एकर म्हणजे ४० गुंठे जमीन आहे.

- साडेबारा टक्के योजनेत हिशोब ५ गुंठ्यांचा. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा होतात, म्हणजे हातात ३.५ गुंठे.
- साडेबावीस टक्क्यांत ९ गुंठे.
- नैनाच्या योजनेत ४० टक्के, म्हणजे १६ गुंठे.

मग ६० टक्के गेले ते फुकट गेले का? तर त्या १६ गुंठ्यांवर २.५ एफएसआय देण्याची कल्पना आहे. १६ गुणिले २.५ किती? ४०! म्हणजे बांधकामाचा हक्क पूर्ण ४० गुंठ्यांवर एक एफएसआय असता तेवढाच राहतो.

पण इथेच थांबू नका, मुलांना पुढे विचार करू द्या. ज्याच्याकडे ५ गुंठेच आहेत त्याला २ गुंठे मिळतील. तो तिथे इमारत कशी बांधणार? बांधायला पैसा कुठून आणणार? बिल्डरकडे गेला तर वाटा किती? सुधारणा आकार भरायचा कोणी? आणि जो जमिनीचा मालकच नाही, दुसऱ्याच्या शेतावर राबतो किंवा खाडीत मासे पकडतो, त्याचं नाव या हिशोबात कुठे आहे? नैनाला शेतकऱ्यांचा विरोध होतो तो अशाच प्रश्नांतून. बरोबर उत्तर कोणतं हे आपण ठरवून द्यायचं नाही. प्रश्न नीट मांडता आला पाहिजे, एवढं बघायचं.

६. आराखडा तयार होतो कसा?

हा भाग पालकांनी जरूर वाचावा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचे टप्पे थोडक्यात असे:

- आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो.
- सध्याच्या जमीन वापराचा नकाशा तयार होतो.
- प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते.
- ठरलेल्या मुदतीत, साधारण ३० दिवसांत, हरकती आणि सूचना लेखी द्यायच्या.
- नियोजन समिती सुनावणी घेते.
- शासन मंजुरी देतं.

'प्रारूप' हा शब्द दिसला की समजायचं, अजून बोलायला वाव आहे. मंजुरीनंतर बदल करून घेणं फार अवघड. हरकत साध्या मराठीत लिहिली तरी चालते: गट नंबर, काय दाखवलं आहे, अडचण काय, आणि पर्याय काय. पोच घ्यायला विसरू नका.

७. वर्गात काय करता येईल?

- प्रत्येकाने घरच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर गाव, गट नंबर आणि क्षेत्र शोधावं. (घरी जमीन नसेल तर शाळेच्या जागेचा अभ्यास. कोणालाही कमीपणा वाटू देऊ नका.)
- गावाचा साधा नकाशा काढून शेती, घरं, उद्योग, खाडी रंगवावी. मग आजी-आजोबांना विचारून तीस वर्षांपूर्वीचा तोच नकाशा काढावा. दोन्ही शेजारी लावावेत.
- आठवडाभर सकाळी आणि संध्याकाळी वाऱ्याची दिशा नोंदवावी.
- 'या जागी मैदान हवं की गोदाम?' यावर वर्गात सुनावणी घ्यावी. एक गट शेतकरी, एक कोळी, एक कारखानदार, एक नवीन रहिवासी, एक नियोजन समिती.
- शेवटी प्रत्येकाने दहा ओळींची हरकत लिहावी. पत्रलेखनाचा सरावही होतो.

मागच्या वेळी सुनावणीत 'कारखानदार' झालेल्या मुलाने म्हटलं, "आम्ही नोकऱ्या देतो." तेव्हा 'कोळी' झालेली मुलगी उठून म्हणाली, "कुठल्या? क्रेन चालवायला कोण शिकवणार ते आधी लिहून द्या." बंदर आणि गोदामं यंत्रांवर चालतात, तिथे हात कमी आणि कौशल्य जास्त लागतं, हा मुद्दा मी शिकवलेला नव्हता. तिने घरी ऐकलेला होता.

पालकहो, शहर येणार आहे. त्यातून शाळा, दवाखाने, नोकऱ्याही येतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते कुठून येईल, किती जागा घेईल आणि गावासाठी काय ठेवेल, हे कागदावर आधी ठरतं. तो कागद मुलांना वाचता यायला हवा. पुढच्या वेळी गावात नोटीस लागली की मुलाला सोबत घेऊन जा आणि त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.

तुमच्या वर्गात हा पाठ कसा झाला, ते जरूर कळवा.